डिशवॉशरच्या तळाशी पाणी साचतंय? या चुका टाळा

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तळाशी गढूळ पाणी दिसलं की मशीन पुन्हा सुरू करणं. पाण्याची वाट कुठे अडली आहे हे कळेपर्यंत तसं करू नका. फिल्टरखालच्या खळग्यात मात्र थोडं स्वच्छ पाणी राहतंच, तो बिघाड नव्हे.

आधी प्लग काढा. पाणी मगने उपसा, उरलेलं स्पंजने टिपा. मग फिल्टर काढून वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने धुवा. तारेची घासणी वापरू नका, बारीक जाळी खराब होते. खळग्यात हात घालण्याआधी जाड हातमोजे घाला, कारण तिथे फुटलेल्या काचेचा तुकडा असू शकतो. असाच तुकडा किंवा टूथपिक पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाच्या पंख्यात अडकली की पाणी ओढलं जात नाही. काही मॉडेलमध्ये पंपावरचं झाकण हाताने निघतं. ते परत बसवताना घट्ट बसलंय ना, पाहा. बॉशच्या बऱ्याच मशीनवर ‘ई२५’ हा कोड पंप अडकल्यावर येतो, तसाच झाकण नीट न बसल्यावरही येतो.

ड्रेन क्लीनर (तुंबलेला पाइप मोकळा करायचं तीव्र रसायन) तर ओतूच नका! त्याने रबर आणि प्लास्टिकचे भाग खराब होतात, आणि पुढे ते पाणी उपसताना हात भाजू शकतात. भांडी घासायचं साधं लिक्विडही नको. त्याचा फेस होतो आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढत राहतो.

बरेच जण फिल्टरपाशीच थांबतात, पण दोष अनेकदा मशीनच्या बाहेर असतो. मशीन मागे सरकवताना ड्रेनचा पाइप दुमडतो. सिंकचं पाणीही हळू उतरत असेल तर तुंबलेला भाग सिंकखाली शोधा. सिंकमध्ये नवा वेस्ट डिस्पोजर (खरकटं बारीक करणारं यंत्र) बसवल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर त्याच्या डिशवॉशर-जोडणीतलं बूच काढायचं राहिलंय का ते बघा. पाइप सिंकखाली उंच वळवून बांधलेला असावा, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येतं.

हे सगळं झालं की प्लग लावा, प्रोग्राम रद्द करून ड्रेन चालू करा आणि कान द्या. पंप नीट फिरतोय पण पाणी जात नाही, तर अडथळा पुढच्या पाइपमध्ये आहे. नुसतं गुणगुणतोय, तर पंख्यात काहीतरी अडकलंय. काहीच आवाज नाही, तर पंप किंवा वायरिंगचा दोष असू शकतो. ते काम तंत्रज्ञाचं, स्वतः खोलू नका.