पुण्यात विज्ञानाची व्याख्यानं ऐकायची असतील तर असं करा

पुण्यात विज्ञानाची व्याख्यानं वर्षभर कुठे ना कुठे चालू असतात, बहुतेक फुकट असतात, आणि तरी आपल्यातले बरेच जण जातात ते फक्त २८ फेब्रुवारीला. मीही लेकीला घेऊन पहिल्यांदा विज्ञान दिनालाच गेले होते, ती तेव्हा पाचवीत, एका संस्थेच्या गेटबाहेर आम्ही दीड तास रांगेत उभ्या राहिलो आणि आत गेल्यावर गर्दीत तिला पुढचं काही दिसेना, प्रयोग समजावणाऱ्या मुलाचा बिचाऱ्याचा घसा बसलेला, शेवटी "आई घरी चल ना" सुरू झालं. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात त्या दिवशी करूच नका. एखाद्या साध्या शनिवारी जा, जेव्हा हॉल अर्धा रिकामा असतो आणि बोलणारा माणूस नंतर दहा मिनिटं तुमच्याशी उभा राहून बोलू शकतो.

आता कळणार कसं कुठे काय आहे ते. आयुका (खगोलशास्त्राची संस्था), आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची संस्था), एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र), एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यांच्या वेबसाइट महिन्यातून दोनदा बघायची सवय लावा आणि त्यांचे सोशल मीडियाचे पेज फॉलो करून ठेवा, शिवाय पेपरात रोजच्या कार्यक्रमांची यादी येते तीही वाचा, पेठांमधली छोटी व्याख्यानं तिथेच सापडतात. पोस्टर बघताना एक गोष्ट नीट वाचायची. "सेमिनार" किंवा "कलोक्वियम" लिहिलं असेल तर ते त्या विषयातल्या लोकांसाठी असतं, पहिल्या पाच मिनिटांतच समीकरणं सुरू होतात. "पब्लिक लेक्चर" किंवा "जाहीर व्याख्यान" लिहिलं असेल तर ते आपल्यासाठी. हा फरक माहीत नसल्यामुळे कितीतरी लोक एकदा चुकीच्या ठिकाणी जाऊन बसतात आणि मग "आपल्याला नाही बाबा कळत" म्हणून कायमचं सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मुलं शाळकरी असतील तर आयुकाच्या दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांची चौकशी करा, ती खास शाळेतल्या मुलांसाठी असतात आणि नुसती इंग्लिशमध्ये नसतात. जायच्या आधी त्या महिन्याचा विषय आणि वेळ बघून घ्या. आयुका विद्यापीठाच्या आवारात आहे, १९८८ साली सुरू झाली, आणि ती इमारतच (चार्ल्स कोरियांनी डिझाइन केलेली) फिरून बघण्यासारखी आहे. तिथे फूकोचा लंबक आहे, म्हणजे लांब तारेला टांगलेला, झुलत राहणारा जड गोळा. संधी मिळाली तर तो आधी एकदा बघा, कुठल्या दिशेने झुलतोय ते लक्षात ठेवा, आणि दीड तासाने परत बघा. पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झुलण्याची दिशा तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास सरकते, पूर्ण फेरीला साधारण ७५ तास लागतात, म्हणजे तुम्ही आत बसलेले असताना तो सातेक अंश वळलेला दिसतो. खाली पृथ्वी फिरली म्हणून. माझ्या मुलीला त्या दिवशीचं व्याख्यान फारसं आठवत नाही पण हे आठवतं.

दुसरी-तिसरीतल्या मुलांना मात्र तासाभराच्या व्याख्यानाला नेऊ नका, त्यांना हाताने काहीतरी करायला मिळेल तिथे न्या. आयुकातल्याच मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवायचं मोठं काम केलंय, त्यांच्या वेबसाइटवर ती कशी करायची हे फुकट बघता येतं, मराठी पुस्तकंही आहेत. घरी आधी एखादं खेळणं करून मग गेलात तर मूल तिथे जास्त रमतं.

निघताना वेळ हातात ठेवा, विद्यापीठ चौक आणि पाषाण रोडचं ट्रॅफिक सगळ्यांना माहितीये. गेटवर ओळखपत्र विचारू शकतात, जवळ असू द्या. थोडं पुढे बसा, स्लाइडवरची अक्षरं बारीक असतात.

आणि प्रश्न विचारा, मी सगळ्यात जास्त जोर यावर देईन. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलांना सांगायचे की पोस्टकार्डवर प्रश्न लिहून पाठव, मी सहीसकट उत्तर देतो. तीच सवय मुलांना लावा. ऐकता ऐकता वहीत एक तरी प्रश्न लिहायचा, कितीही साधा असो, आणि वक्ता इंग्लिशमध्ये बोलत असला तरी मराठीत विचारायला लाजायचं नाही, पुण्यात कोणीतरी भाषांतर करून देतंच. मोठ्यांना एकच विनंती, माइक हातात आला की आपलं भाषण सुरू करू नका, मागे एखादी सातवीतली मुलगी हात वर करून बसलेली असते.

आकाश बघायचं असेल तर टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था, १९४४ पासून हौशी लोक तिथे काम करतायत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं, पावसाळ्यात आशा ठेवू नका. रात्रभराच्या कार्यक्रमाला चादर, स्वेटर, पाणी न्या आणि टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एकाच्या पांढऱ्या टॉर्चने सगळ्यांची ती मेहनत जाते. शून्य सावलीला (सूर्य बरोबर डोक्यावर येतो त्या दिवशी) तर कुठे जायलाही नको, मेच्या १३-१४ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर एक सरळ बाटली उभी करा, सावली तिच्या बुडाशी गायब होते. ढगांमुळे हुकलं तर जुलैअखेर परत संधी असते पण तेव्हा पाऊस.

२३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो, त्या सुमाराला शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात हवामान खात्याचं काही आहे का बघा.

आणि विज्ञान दिन? दोन-चार व्याख्यानं ऐकून झाली की मग जरूर जा, आणि जमलं तर खोडदला जा. तिथली जीएमआरटी ही रेडिओ लहरी टिपणारी मोठी दुर्बीण पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर, नाशिक हायवेने नारायणगाव आणि तिथून आत. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यातल्या १४ मधल्या भागात आणि बाकीच्या तीन दिशांना दूर पसरलेल्या. जवळून बघितलं की कळतं, डिश पत्र्याची नाहीच, तारांच्या जाळीची आहे, आरपार आकाश दिसतं. पकडायच्या लहरी लांब असतात, त्यांना ती भोकं जाणवतच नाहीत, आणि वारा आरपार जातो म्हणून एवढी मोठी डिश हलक्या सांगाड्यावर उभी राहते. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना मुलांना तिथे उभं राहूनच समजावा. सकाळी सहाला निघा, मिसळ नारायणगावला खा, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तिथे फोन बंद ठेवावा लागतो, दूरच्या दीर्घिकांकडून येणारे क्षीण सिग्नल मोबाइलच्या गोंगाटात बुडून जातात, त्यामुळे दुपारपर्यंत आमचा फोन लागणार नाही.