जयंतीचं भाषण आणि फ्लेक्स: या चुका टाळा

३ जानेवारीला सावित्रीबाई, ११ एप्रिलला जोतीराव, १४ एप्रिलला बाबासाहेब. ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या सांस्कृतिक समित्यांची या तारखांना हमखास धावपळ होते. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या कुणी दोन शब्द बोलेल का?’ आणि मग फॉरवर्डमध्ये जे सापडेल ते सकाळी माईकवरून ऐकू येतं. गंमत म्हणजे चुका दरवर्षी नव्या नसतात, त्याच त्या असतात. बहुतेकींचं मूळही एकच: एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर खपवलं जातं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो फोटोंचा. ‘रमाबाई’ एवढंच टाकून शोधलं की तीन वेगवेगळ्या स्त्रिया समोर येतात. बाबासाहेबांच्या पत्नी माता रमाई (१८९८ ते १९३५) दापोलीजवळच्या वणंदच्या. पंडिता रमाबाई (१८५८ ते १९२२) म्हणजे शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई रानडे म्हणजे पुण्याचं सेवासदन. ७ फेब्रुवारीच्या, म्हणजे रमाईंच्या जयंतीच्या फ्लेक्सवर पंडिता रमाबाईंचा फोटो लागणं ही साधी चूक नाही, ज्यांच्या घरात रमाईंचा फोटो पूजेला आहे त्यांना ती टोचते. शोधताना नेहमी पूर्ण नाव टाका आणि फोटोखालची ओळ वाचल्याशिवाय डाउनलोड करू नका.

शाहू महाराजांचंही तसंच. २६ जुलै १९०२ ला पन्नास टक्के जागा राखीव ठेवणारा आदेश काढला तो कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंनी (१८७४ ते १९२२). साताऱ्याचे शाहू छत्रपती १७४९ मध्ये वारले, कॅमेऱ्याचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा राजर्षींच्या नावाखाली जुन्या शैलीतलं दरबारी चित्र आलं की तिथेच थांबा. राजर्षींचे खरेखुरे फोटो उपलब्ध आहेत, मग चित्र कशाला?

गोपाळही तीन आहेत: लोकहितवादी देशमुख, आगरकर आणि गोखले. ‘शतपत्रे’ लोकहितवादींची, ‘सुधारक’ आगरकरांचं. एवढं पाठ असलं तरी पुरे.

आता शाळांकडे वळू. वक्तृत्व स्पर्धेत ‘मी सावित्री बोलतेय’ हमखास असतं. नऊवारी, आडवं कुंकू, हातात पाटी. आणि तीन मिनिटांतली अडीच शेणगोळ्यांत जातात. प्रसंग खरा आहे, पण सावित्रीबाईंचं आयुष्य तिथे संपत नाही. १८६३ साली फुले दांपत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथल्या एका विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं अग्नीचं मडकं, सावित्रीबाईंनी धरलं. १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाच्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. परीक्षकाच्या खुर्चीतून सांगतो, टिटव्याचा प्रसंग नीट सांगणारी मुलगी इतर वीस जणींपेक्षा वेगळी उठून दिसते.

याच भाषणातली दुसरी ठरलेली चूक म्हणजे ‘भारतातली मुलींची पहिली शाळा’. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा मुंबईत त्याआधीपासून होत्या. खुद्द सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे, आणि त्या अमेरिकन मिशनच्याच होत्या. म्हणून म्हणायचं ते असं: १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात भारतीयांनी स्वतः चालवलेली मुलींची शाळा. थोरवी कमी होत नाही, उलट विरोध कुणाचा आणि का होता हे जास्त स्पष्ट होतं.

‘विद्येविना मती गेली’ या ओळी सावित्रीबाईंच्या नावावर छापू नका. त्या जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधल्या आहेत. आणि छापताना ‘वित्ताविना शूद्र खचले’ ही ओळ गाळू नका. नेमकी तीच गाळली जाते, का ते समितीनेच स्वतःला विचारावं.

डॉ. आनंदीबाई जोशींच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याने तरी चुकू नये. माहेर कल्याणचं, तेही जोशांचंच. मार्च १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला क्षयाने मृत्यू. दवाखाना चालवायला त्यांना वेळच मिळाला नाही. ‘त्यांनी हजारो स्त्रियांवर उपचार केले’ हे वाक्य खोडा. वर्षानुवर्षं डॉक्टरकी केली ती रखमाबाईंनी, त्याच रखमाबाई ज्यांनी बालपणी लावलेलं लग्न मानायला कोर्टात नकार दिला.

महाडच्या दोन तारखाही एकमेकींत मिसळतात. चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७, मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबर १९२७.

मला सर्वांत जास्त खटकतं ते आपल्याच परिसरातल्या लढ्यांबद्दलचं अज्ञान. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणमध्ये, दास्तान फाटा आणि नवघर इथे, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींच्या प्रश्नावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. नेतृत्व जासईच्या दि. बा. पाटलांचं. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात शेतकऱ्यांना मिळणारे साडेबारा टक्क्यांचे भूखंड त्या लढ्यातून आले, आज ज्यांवर आपले फ्लॅट उभे आहेत त्यांतलेही काही. भाषणात दोन गोष्टी चुकतात. एक, हा लढा ठाणे जिल्ह्यातला सांगतात, उरण रायगडमध्ये आहे. दुसरी, दि. बां.ना चरीच्या संपाचे नेते करून टाकतात. चरीचा संप अलिबाग तालुक्यातला, १९३३ ते १९३९, नेते नारायण नागू पाटील. १९३३ साली दि. बा. सात वर्षांचे होते! दोघेही आगरी शेतकऱ्यांसाठी झटले म्हणून दोघांना एक करायचं नसतं.

वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांच्याबद्दल उलट चूक होते. हल्ली त्यांचा लढा ‘पालघर जिल्ह्यातला’ म्हणतात. तलासरी, डहाणू आज पालघरमध्ये असले तरी तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. १९४५ साली हे सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. गोदूताईंना आदिवासी म्हणून ओळख करून दिलेलीही ऐकलीय, त्या पुण्याच्या गोखल्यांच्या. शिवाय ‘आदिवासींसाठी कार्य केलं’ असं मोघम म्हणू नका, काय केलं ते सांगा. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेणारा वारली बायकोसकट त्याचा ‘लग्नगडी’ व्हायचा आणि फुकट राबायचा. मे १९४५ मध्ये झरी गावच्या सभेत वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा पसरवून लोक जमवले गेले आणि त्यांच्यावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात जेठ्या गांगड मारले गेले. एवढं सांगितलंत तरी सभागृह शांत ऐकतं.

सुविचारांसाठी एकच नियम: खंड आणि पान सांगता येत नसेल तर वाक्य घेऊ नका. शिक्षण म्हणजे वाघिणीचं दूध, हे बाबासाहेबांच्या नावावरचं वाक्य फ्लेक्सवर सर्रास दिसतं, संदर्भ कधीच नसतो. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे सरकारी खंड आहेत, महात्मा फुले समग्र वाङ्मय आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, ऐरोलीला सेक्टर १५ मध्ये आंबेडकर स्मारकाचं ग्रंथालय आहे. अर्धा तास पुरतो.

फ्लेक्स छापायला टाकण्याआधी व्हॉट्सॲपवर आलेलं प्रूफ मोठं करून वाचा, तेही समितीबाहेरच्या कुणाकडून. फॉन्ट बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि ‘स्मृतिदिन’च्या जागी ‘जयंती’ राहून जाते, ती मागच्या वर्षीच्या फाइलमधून. छापून झाल्यावर चूक दिसली तर सगळा बोर्ड उतरवायची गरज नसते. तेवढ्या ओळीची पट्टी छापून वरून चिकटवता येते, फ्लेक्सवाला ती तासाभरात देतो. फोटोच चुकला असेल तर मात्र बोर्ड काढा, रात्रीच.