उन्हाळ्याच्या तोंडी नदीच्या खोऱ्यात पक्षी कसे पाहावेत

फाल्गुन सरत आला की नदीचे पाणी हळूहळू ओसरू लागते आणि पावसाळ्यात बुडालेली वाळूची बेटे व गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. नदी सुरय, टिटवी, छोटा कंठेरी चिखल्या आणि आर्ली हे पक्षी नेमकी हीच जागा घरट्यासाठी निवडतात. घरटे म्हणजे तरी काय, तर वाळूतला उथळ खळगा; त्यातली ठिपकेदार अंडी आसपासच्या खड्यांत इतकी मिसळून जातात की दोन पावलांवर असूनही दिसत नाहीत. म्हणून पहिला नियम असा की मार्च ते मे या काळात वाळूच्या बेटावर किंवा गोट्यांवर चालू नये. पाहायचे ते काठावरून.

सूर्योदयाआधी अर्धा तास जागेवर पोहोचावे आणि शक्यतो पूर्वेकडच्या काठावर बसावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि पिसांचे रंग खरे दिसतात. ८ × ४२ ची (म्हणजे आठ पट वर्धनाची, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. त्याहून जास्त वर्धनाची दुर्बीण हातात थरथरते, शिवाय उन्हे तापली की वाळूवरची हवा लहरू लागते आणि वाढीव वर्धनाचा काही उपयोग राहत नाही. साडेनऊनंतर फारसे हाती लागत नाही.

एका झाडाच्या सावलीत निदान तासभर न हलता बसावे, असा माझा आग्रह आहे. पहिली दहा मिनिटे टिटवी ओरडून सारे खोरे जागे करते, पण नंतर ती तुम्हाला स्वीकारते आणि आपल्या कामाला लागते. ऊन चढल्यावर तिच्याकडे नीट लक्ष द्या. ती पाण्यात उतरते, गुडघाभर पाण्यात उभी राहून पोटाची पिसे भिजवते, थेंब गाळत लगबगीने परत येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. तापलेल्या वाळूत अंडी थंड राखण्याची तिची ही युक्ती आहे, आणि आपल्या भीतीने ती दूर राहिली तर अंडी तेवढा वेळ उन्हात भाजत राहतात. चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत जाताना दिसला, तर घरटे किंवा पिल्ले जवळच आहेत असे समजावे आणि आपल्याच पावलांच्या ठशांवरून मागे फिरावे. अंडी किंवा घरट्याला त्रास देणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही गुन्हा आहे.

मातीची उभी दरड दिसली तर तीही दुर्बिणीने तपासावी. वेडा राघू आणि कवड्या धीवर तिच्यात बोगदा खणून अंडी घालतात. बिळाच्या तोंडाखाली ताजी माती सांडलेली असेल किंवा विष्ठेच्या पांढऱ्या रेघा असतील, तर बीळ वापरात आहे. अशा दरडीच्या माथ्यावर उभे राहू नये, कारण माती खचते.

काठच्या ओल्या चिखलावर रात्रीची हकीकत उमटलेली असते. पाच बोटांचा, पडद्यासारखी जोड असलेला ठसा आणि खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा आढळली, तर तिथे पाणमांजरांचा वावर आहे. ती पहाटे किंवा संध्याकाळी, बहुधा कळपाने दिसतात.

ज्या नदीत मगरी आहेत तिथे पाण्याच्या कडेला बसू नये, आणि वर धरण असेल तर पाणी कधी सोडणार आहेत याची आधी चौकशी करावी, कारण कोरडे वाटणारे पात्र थोड्या वेळात भरते.

वहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी आणि पक्ष्याचे वर्तन लिहावे. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद जरूर करावी, परंतु घरट्याची नेमकी जागा किंवा अंड्यांचे छायाचित्र, पिल्ले उडून जाईपर्यंत तरी, कोणाला पाठवू नये.