शाळेचा कॅमेरा हातात येईल तेव्हा

तीन वर्षं शाळेचा कॅमेरा माझ्याकडे होता. क्रीडा दिन, विज्ञान प्रदर्शन, स्नेहसंमेलन, निरोप समारंभ आणि वर्गातल्या जवळजवळ निम्म्या प्रकल्पांचे फोटो मी काढले. आता माझी शाळा संपतेय. पुढच्या वर्षी हा कॅमेरा तुझ्या गळ्यात असेल, म्हणून जे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी वर्गशिक्षकांकडून हजेरीपटातल्या नावांची प्रत मागून घे. लेन्स, सेटिंग वगैरे नंतर.

नववीत मी स्नेहसंमेलनाचे 640 फोटो काढले होते. दुसऱ्या दिवशी संगणकाच्या खोलीत सगळ्यांनी गर्दी करून ते पाहिले. घंटा झाली, मुलं पांगली, एक मुलगी मात्र बसून राहिली आणि शेवटच्या फोटोपर्यंत गेली. नाटकाचं सगळं नेपथ्य तिने रंगवलं होतं, आणि कार्यक्रमाचे तीन तास ती विंगेत उभी राहून पडद्याची दोरी सांभाळत होती. 640 फोटोंत ती कुठेच नव्हती. ती मला काहीच बोलली नाही, माऊस बाजूला ठेवून निघून गेली. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला यादी माझ्या खिशात असते. ज्याचा चेहरा नीट आला त्याच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करायची. मध्यंतरात यादी काढून बघायची आणि ज्यांची खूण राहिली आहे त्यांना शोधत जायचं. ती मुलं रंगमंचावर सापडत नाहीत. ती ध्वनिक्षेपकाच्या वायरींपाशी, वेशभूषेच्या खोलीत, खुर्च्या लावताना किंवा पाण्याच्या पिंपाजवळ सापडतात. यादीत तुझंही नाव आहे हे विसरू नको, एकदा तरी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दे.

काहींना फोटो नको असतो. त्यांच्या नावापुढे वेगळी खूण कर आणि कारण विचारू नको. कुठलाही फोटो शाळेबाहेर टाकण्याआधी शिक्षकांची परवानगी घ्यायची. स्वतःच्या खात्यावर तर टाकायचाच नाही.

नाटकाचे फोटो मी रंगीत तालमीतच काढते. कपडे तेच, दिवे तेच, आणि समोर प्रेक्षक नसल्याने अगदी पहिल्या रांगेपुढे जाऊन उभं राहता येतं. कार्यक्रमाच्या दिवशी तिथे पाहुण्यांच्या खुर्च्या असतात. शिवाय दिव्यांचा अंदाज तालमीतच येतो. रंगमंचावर चेहऱ्यावर झगझगीत प्रकाश आणि मागे काळा पडदा असतो. कॅमेरा दोन्हींची सरासरी धरतो, चित्र फार काळोखी आहे असं समजून प्रकाश वाढवतो आणि चेहरे पांढरेफटक पडतात. एक्स्पोजर (फोटो किती उजळ येईल ते) उणे 1 वर आण, नाहीतर स्पॉट मीटरिंग, म्हणजे एका ठिपक्याएवढ्याच जागेचा प्रकाश मोजणं, लावून चेहऱ्यावर माप घे. माझी सुरुवात ठरलेली असते: शटर (किती वेळ उघडं राहतं ते) 1/200 सेकंद, लेन्सचं तोंड जितकं उघडेल तितकं उघडं, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) 1600. काळोख वाटला तर 3200. थोडे दाणे दिसतात, चालतं. हललेला चेहरा मात्र मागाहून दुरुस्त होत नाही.

फोटोवर आडवे काळपट पट्टे दिसले तर कॅमेरा बिघडला असं समजू नको. वीज 50 हर्ट्झची असेल तर पुष्कळ साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, आणि शटर त्याहून झटपट असेल तर ती लुकलुक पट्ट्यांच्या रूपाने पकडली जाते. शटर 1/100 वर आणलं की बहुधा पट्टे जातात. वीज 60 हर्ट्झची असेल तर 1/120 कर. काही एलईडी दिव्यांची लय याहून वेगळी असते, म्हणून तालमीत तीनचार शटर लावून फोटो काढायचे आणि पडद्यावर मोठे करून बघायचे.

फ्लॅश बंदच ठेव. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, त्यामुळे कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश रंगमंचापर्यंत धड पोचत नाही. उजळतात ती पुढच्या रांगेतली डोकी. आणि संवाद आठवत उभ्या असलेल्या मुलाच्या डोळ्यांवर तो चमकला तर त्याचं वाक्य तुटू शकतं.

क्रीडा दिनाला शटर 1/1000, ऊन पाठीशी, आणि जागा अंतिम रेषेच्या पलीकडे. सुरुवातीला मी रेषेच्या बाजूला उभी राहायचे आणि मला फक्त कान आणि कोपरे मिळायचे. समोरून, थोडं तिरकं, गुडघ्यावर बसून काढ. रेषेवर आधीच फोकस करून ठेव आणि पहिला धावपटू दोन पावलांवर आला की बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरून एकामागून एक झरझर फोटो, चालू कर. मग लगेच कॅमेरा खाली करू नको, शेवटचा मुलगा येईपर्यंत काढत राहा. त्याच्याही नावापुढे खूण हवी आहे.

बर्स्टवरून आठवलं. 1878 मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने घोड्याच्या वाटेवर 12 कॅमेरे ओळीने मांडले आणि भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे फोटोंतून दाखवलं. चित्रकार तेव्हा हवेतल्या घोड्याचे पाय पुढेमागे ताणलेले रंगवत. फोटोत ते पोटाखाली गोळा झालेले निघाले. हे वाचल्यावर मला कळलं की कॅमेऱ्याने मोजमापही करता येतं, आणि आमचा भौतिकशास्त्राचा प्रकल्प तिथून सुरू झाला.

तू तो करून बघच. मीटरपट्टी उभी लाव, तिच्याजवळून चेंडू सोड आणि मोबाइलवर स्लो मोशन चित्रण कर. 1 मीटर पडायला चेंडूला सुमारे 0.45 सेकंद लागतात. सेकंदाला 30 फ्रेमच्या साध्या चित्रणात त्याच्या जेमतेम 13 फ्रेम मिळतात, 240 फ्रेमच्या चित्रणात 108. फ्रेम मोजून वेळ काढायची, पट्टीवरून अंतर वाचायचं, अंतराची दुप्पट करून वेळेच्या वर्गाने भागायचं. उत्तर गुरुत्व त्वरणाचं, म्हणजे 9.8 च्या आसपास यायला हवं.

आमचं उत्तर पहिल्यांदा 11.5 आलं. दोन दिवस आम्ही गणित तपासत बसलो आणि चूक होती मांडणीत. पट्टी भिंतीला चिकटवलेली, मोबाइल भिंतीपासून 1 मीटरवर, आणि चेंडू भिंतीच्या 15 सेंटिमीटर पुढून पडत होता. चेंडू मोबाइलला जवळ असल्यामुळे मागच्या पट्टीवर त्याचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त वाचलं जात होतं. म्हणून पट्टी आणि चेंडू एकाच प्रतलात ठेव, मोबाइल पट्टीच्या मध्याच्या उंचीवर ट्रायपॉडला लाव, आणि जमेल तितका मागे नेऊन झूम कर. चुकलेल्या मांडणीचा फोटो आम्ही प्रकल्पवहीत दुरुस्त मांडणीच्या शेजारी चिकटवला. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले, आणि आम्हाला उत्तरं येत होती.

एरवीच्या प्रकल्पांसाठी एवढंच: रोज त्याच जागेवरून फोटो काढ. रोप वाढतंय हे दाखवायचं असेल तर ट्रायपॉडच्या पायांच्या जागी जमिनीवर चिकटपट्टी लाव, कुंडीशेजारी मोजपट्टी आणि तारखेची चिठ्ठी ठेव, व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगानुसार कॅमेरा रंग जुळवतो ती सेटिंग) एकदा ठरवून बदलू नको. नाहीतर पानं पिवळी पडली की प्रकाश पिवळा होता, हे नंतर सांगता येत नाही. गटातल्या प्रत्येकाचे हात काम करताना एकदा तरी येऊ देत.

कॅमेरा नसलेल्या गटासाठी सायनोटाइप, म्हणजे उन्हाने कागदावर निळा ठसा काढण्याची पद्धत, आहे. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने 1842 मध्ये ती शोधली आणि पुढच्याच वर्षीपासून वनस्पतींची अभ्यासक ॲना ॲटकिन्सने तिच्यातून समुद्री शेवाळांचे ठसे काढून पुस्तकरूपात आणले. अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं मिसळून अंधाऱ्या खोलीत कागदाला लावायची, वाळल्यावर त्यावर पान ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्याने धुवायचं. निळ्या कागदावर पानाची पांढरी आकृती उमटते, पातळ पानाच्या शिरासुद्धा. हातमोजे घाल, आम्ल जवळ आणू नको आणि शिक्षक प्रयोगशाळेत असतानाच कर.

विज्ञान प्रदर्शनात तक्त्यांचे फोटो काढण्यात वेळ घालवू नको, त्यांवर दिव्याची चमकच येते. पाहुण्यांच्या खांद्यामागे उभं राहून समजावून सांगणाऱ्या मुलाचा चेहरा टिप.

गटफोटोला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, एफ/8 इतकं लहान ठेवलं की मागची रांगही स्पष्ट येते. कुणीतरी डोळे मिटतंच. 20 पेक्षा कमी जण असतील तर एक सोपा हिशोब आहे: चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला 3 ने भाग, कमी उजेडात 2 ने, आणि तितके फोटो काढ. पूर्ण वर्ग असेल तर मी मोजत नाही, बर्स्ट धरून ठेवते.

घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी सगळे फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरव आणि दोन्हीकडे उघडून बघ. मगच कार्ड फॉरमॅट कर. 640 मधून 60 निवडताना छान फोटो आधी वेगळे काढ, मग यादी समोर ठेवून बघ कोण सुटलं. सुटलेल्याचा एकुलता एक फोटो जरा तिरका असला तरी तो साठात येतो, त्याच्यासाठी एखादा देखणा फोटो मी काढून टाकते. प्रत्येक फोटोखाली नावं लिही, डावीकडून उजवीकडे.

यंदाच्या स्नेहसंमेलनात शेवटपर्यंत एका नावापुढे खूण नव्हती. तो मुलगा कार्यक्रम संपल्यावर रिकाम्या सभागृहात मिळाला, कोपरापासून पंजापर्यंत माइकची वायर गुंडाळत. दिवे विझत होते. शटर 1/60 पर्यंत खाली आणून, खांबाला टेकून, मी तीन फोटो काढले. तिसऱ्यात तो हसला.

कोरी यादी आणि पेन्सिल पिशवीच्या पुढच्या कप्प्यात आहेत. दोन बॅटऱ्यांपैकी निळी चिकटपट्टी लावलेली लवकर उतरते, ती आधी वापर.