सिक्लिडमध्ये नर-मादी कशी ओळखावी आणि टँकमध्ये सोबती कोण ठेवावेत

सिक्लिड म्हणजे हद्द राखणाऱ्या, भांडखोर माशांचं एक मोठं कुळ. त्यांच्या टँकमध्ये मारामारी सुरू झाली की आधी पाणी तपासलं जातं, मग खाणं बदललं जातं. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं: टँकमध्ये नर जास्त झालेले असतात. म्हणून सोबती निवडण्याआधी आपल्याकडे नर किती आणि माद्या किती, याचा हिशोब लावावा.

पहिली पायरी: जात नक्की करा

जात ठाऊक नसेल तर पुढची कुठलीच खूण उपयोगाची नाही, कारण ‘नर रंगीत, मादी फिकी’ हा नियम सगळ्यांना लागू पडत नाही. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या केन्यीमध्ये मादी निळी असते आणि वयात आलेला नर पिवळा. ऑराटसचं नेमकं उलट: पिवळी ती मादी, नर मोठा होताना काळपट होत जातो. काँव्हिक्टमध्ये पोटावर नारिंगी झाक असते ती मादीच्या. नर नुसता राखाडी, पण अंगाने मोठा आणि परांची टोकं लांब. क्रिबेन्सिसची मादी लहान, गोलसर, जांभळट-लाल पोटाची. रॅमच्या मादीचं पोट गुलाबी दिसतं आणि नराच्या पाठीवरच्या पराचे सुरुवातीचे काटे उंच असतात.

मलावीच्याच पीकॉक गटात मात्र नर रंगीत आणि माद्या करड्या. पण इथेही एक मेख आहे. दबलेला नर रंग दडवून मादीसारखा वावरतो, आणि संप्रेरकं देऊन रंगवलेल्या माद्याही विकल्या जातात. इंचभर पीकॉकचा अख्खा टँक झगमगताना दिसला तर मी तिथून खरेदी करत नाही. त्या वयात तो रंग आपोआप येत नाही.

मलावीच्या माशांमध्ये शेपटीजवळच्या खालच्या परावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. त्यांवरून नर ओळखता येतो असं सर्रास सांगितलं जातं, पण अनेक जातींत माद्यांनाही ते असतात. तेवढ्यावरून निकाल लावू नका.

दुसरी पायरी: रंग काही सांगत नसेल तर

यलो लॅबसारख्या एकसारख्या दिसणाऱ्या मलावी माशांसाठी पोटाखालची छिद्रं बघावी लागतात. मऊ जाळीने मासा धरा, हात ओले ठेवा, मासा उलटा करून काही सेकंदांतच बघून सोडा. डोक्याकडचं छिद्र विष्ठेचं, शेपटीकडचं जननाचं. दोन्ही साधारण सारखी असतील तर नर. शेपटीकडचं ठळकपणे मोठं असेल तर मादी. एकाच मापाचे चार-पाच मासे ओळीने पाहिले तर फरक चटकन कळतो. पटकन फोटो काढला तर आणखी बरं. दोन इंचांखालच्या पिल्लांवर हा खटाटोप करू नये.

एंजल आणि डिस्कसमध्ये वीण येईपर्यंत वाट पाहणं हाच खात्रीचा मार्ग. त्या वेळी पोटाखाली एक छोटी नळी बाहेर येते. नराची बारीक आणि टोकदार, मादीची जाड आणि बोथट. नुसती अंडी दिसली म्हणून जोडी जमली असं समजू नका. दोन एंजल माद्याही जोडीने अंडी घालतात आणि ती सगळी पांढरी पडून वाया जातात.

मलावीतली मादी मात्र स्वतःच स्वतःला उघड करते. अंडी तोंडात धरली की तिचा गळा फुगतो आणि ती साधारण तीन आठवडे जवळजवळ काही खात नाही.

तिसरी पायरी: प्रमाण

एंबुना म्हणजे मलावीतले खडकांत राहणारे सिक्लिड. त्यांच्यात कायमची जोडी नसते. एका नरामागे तीन-चार माद्या ठेवा. एकच मादी असेल तर नर तिला पळवून पळवून हैराण करतो. रॅम, क्रिबेन्सिस, एंजल यांचं तसं नाही, ते जोडी धरतात. त्यांची पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवावीत, जोडी आपसूक जमू द्यावी आणि उरलेल्यांची दुसरीकडे सोय करावी.

चौथी पायरी: सोबती

आधी पाणी जुळतंय का ते बघा. मलावीच्या माशांना कठीण पाणी आणि ८च्या आसपास पीएच लागतो. रॅम आणि डिस्कसना मऊ, किंचित आम्लधर्मी आणि २८ अंशांच्या आसपासचं कोमट पाणी. हे दोन गट एका टँकमध्ये बसत नाहीत, कितीही मोठा टँक घेतला तरी.

मग खाणं. बहुतेक एंबुना दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारे. पीकॉकसारख्या मांसाहारी माशांचा खुराक त्यांना रोज मिळाला तर पोट फुगण्याचा आजार होऊ शकतो, म्हणून पीकॉकबरोबर त्यांना ठेवणं मला पटत नाही. शिवाय एंबुना त्यांना दमवतात. तोंडाचं मापही बघा. मोठा झालेला एंजल निऑन टेट्रा सहज गिळतो.

नर-मादीची ओळख खरी कामाला येते ती दिसायला सारख्या जातींच्या बाबतीत. सारख्या रंगाचा नर दिसला की दुसरा नर त्यालाच प्रतिस्पर्धी मानतो. पीकॉकच्या निरनिराळ्या जातींच्या माद्या एकमेकींपासून ओळखू येत नाहीत आणि संकर होत राहतो. म्हणून अनेक जण प्रत्येक जातीचा एकेकच नर ठेवतात, मादी एकही नाही. अशा टँकमध्ये चुकून एक मादी गेली तरी शांतता संपते.

तळाशी राहणारे सोबती तुलनेने सोपे. एंबुनांबरोबर सिनोडॉन्टिस किंवा ब्रिसलनोज, रॅमबरोबर स्टर्बाय कोरीडोरास. रॅमच्या टँकमध्ये मधल्या पाण्यासाठी कार्डिनल टेट्रा चालतात. काँव्हिक्टच्या जोडीबरोबर मात्र लहान टँकमध्ये कोणीच नको. अंडी घातल्यावर ती जोडी सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंडते.

नवे मासे सोडताना दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्यांच्या ठरलेल्या हद्दी मोडतात. दिवा बंद ठेवा आणि शक्यतो दोन-तीन मासे एकदम सोडा. पर फाटलेला मासा पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकून राहिलेला दिसला तर त्याच दिवशी त्याला वेगळा काढा.