भरती पाहून निघावे : नेरुळची पाणथळ आणि बेलापूरचा किल्ला

नवी मुंबईतली ही सपाट वाटेची पायपीट नोव्हेंबर ते मे या काळात करावी आणि निघण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक पाहावे. कारण ओहोटीला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) ठाणे खाडीच्या उघड्या चिखलात चरत असतात आणि भरतीने तो चिखल बुडाला, की विश्रांतीसाठी नेरुळच्या पाणथळ जागांकडे येतात. सकाळची भरती असलेला दिवस निवडल्यास उन्हाचाही त्रास होत नाही.

सीवूड्स-दारावे स्थानकावरून चालत किंवा रिक्षाने पाम बीच मार्गापलीकडच्या पाणथळीकडे जावे. दुर्बीण असल्यास चोच निरखावी : ‘लहान रोहित’ या जातीची गडद तांबडी, तर ‘मोठा रोहित’ या जातीची गुलाबी व टोकाला काळी असते. कांदळवनात उतरू नये. उत्तरेकडील खाडीचा भाग 2015 साली अभयारण्य घोषित झाला असून 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे.

पुढे रिक्षाने किल्ले गावठाण चौक गाठावा. बेलापूरचा किल्ला सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा चार सत्तांखाली गेला. आज मात्र पडके बुरूज आणि तुटक तटबंदीच उरली आहे, त्यामुळे भव्यतेची अपेक्षा ठेवू नये. चुन्याचे बांधकाम जवळून पाहावे, पण ढासळत्या दगडांवर चढू नये.