भेदऱ्याची रोपं उघडी टाकू नका

पाऊस उघडला, ऊन तापलं की कपाशीवरची पांढरी माशी उठते. नेमक्या त्याच दिवसांत आपण सांदवाडीत, म्हणजे परसात, भेदऱ्याचं (टोमॅटोचं) बी टाकतो. रोपं चार पानांची, कोवळी, आणि वर आच्छादन काहीच नाही. दिवाळीपर्यंत जे झाड गुडघ्याला लागायचं, ते वीतभरच राहतं. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळतात, कडा पिवळ्या पडतात, फूल धरत नाही. हा लीफ कर्ल, म्हणजे पांढरी माशी पसरवते तो पानं वळण्याचा रोग. आपण त्याला सरसकट ‘व्हायरस’ म्हणतो. तो एकदा झाडात शिरला की कोणत्याही दुकानातल्या कोणत्याही बाटलीनं निघत नाही.

गावरान भेदरं चपटं, खोबणीचं, पातळ सालीचं, चटणीला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण या रोगापुढे ते टिकत नाही. काही संकरित वाणांत ती ताकद आहे, मात्र त्यांचं बी धरलं तर पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत. म्हणून आपलं बी राखायचं असेल तर रोप राखा, निदान पहिले 25 ते 30 दिवस.

पेरणीची कामं:
- बी सावलीत वाळवलेलं, मागच्या हंगामातल्या निरोगी झाडाचं
- 1 किलो बियाण्याला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी जैविक बुरशी); घरच्या मूठभर बियाला चिमूटभर पुरे
- गादीवाफा वीतभर उंच, पाणी साचू न देता
- ओळीत, 1 सेंटिमीटर खोल. वर चाळलेलं शेणखत
- पाणी सकाळी, झारीनं

आता आच्छादन. बी टाकलं त्याच दिवशी वाफ्यावर बांबूच्या कमच्या वाकवून रोवा आणि वर 40 मेशची नायलॉन जाळी ताणा. एका इंचात 40 भोकं, म्हणजे 40 मेश. मच्छरदाणी चालत नाही. माशी जेमतेम 1 मिलिमीटरची, मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत जाते. जाळी नसेल तर जुनं, विरलेलं पण न फाटलेलं पांढरं धोतर घ्या. उजेड पुरेसा मिळतो, दाट रंगीत लुगड्याखाली मात्र रोपं लांबुडकी होतात. कडांवर चहूबाजूंनी माती ओढा. बहुतेकांचं इथेच चुकतं: वर कापड ताणलेलं, आणि खाली बोटभर फट.

पाणी देताना एकच बाजू उचला, लगेच दाबा. रोज सकाळी एखादं पान उलटून बघा. झटकल्यावर पीठ उडाल्यासारखं काही उडालं तर माशी आत आहे. मग 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा. आठ दिवसांनी पुन्हा.

इमिडाक्लोप्रिड 17.8 टक्के या कीटकनाशकाची शिफारस 10 लिटर पाण्याला 4 मिलिलिटर अशी आहे. ते माशीवर चालतं, विषाणूवर नाही. त्याच्याबरोबर दुकानदार ‘व्हायरसचं टॉनिक’ हातात ठेवतो, ते घेऊ नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकाची बाटलीही नको; ती मित्रकीटक मारते आणि माशी उलट वाढते.

वाफ्याजवळ मागच्या हंगामाचं वळलेलं भेदऱ्याचं किंवा मिरचीचं झाड उभं असेल तर बी टाकण्याआधी उपटा. माशी तिथूनच विषाणू उचलते आणि मग मरेपर्यंत झाडाझाडाला वाटत फिरते.

माझा एक अंदाज आहे. घराच्या भिंतीआड, कपाशीकडून येणारं वारं न लागणाऱ्या कोपऱ्यातली रोपं जास्त वाचतात. पुरावा माझ्याकडे नाही, पण दरवर्षी मी वाफा तिथेच करतो. वाऱ्याच्या बाजूला रोपांआधी तीन आठवडे मक्याच्या दोन ओळी टोचतो.

लावणी:
- रोप वीतभर, पाच-सहा पानांचं
- संध्याकाळी, 60 बाय 45 सेंटिमीटरवर
- लगेच काठीचा आधार

लावल्यावर पंधरा दिवस धोतर हाताशीच ठेवा. एखाद्या झाडाचा शेंडा वळलेला दिसला तर ‘सुधरेल’ म्हणून थांबू नका. पिशवीत घालून मुळासकट उपटा आणि लांब नेऊन पुरा, त्याच दिवशी.